मोठा टायर उभ्या गाडीत बसतो, चालत्या गाडीत घासतो

चारही टायर बदलून झाले, स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून पाहिलं, कुठे घासलं नाही, की "बसले" म्हणून मोकळं व्हायची पद्धत आहे. ती चुकीची आहे. सपाट जमिनीवर गाडी उभी असते तेव्हा चाकाला वर जायला अजून बरीच जागा असते, साधारण ८० ते १०० मिमी. ती जागा गाडी खडकावर चढताना, ओढ्यात उतरताना किंवा जोरात खड्ड्यात आपटताना संपते. टायर बसला की नाही हे ठरतं ते चाक बंपस्टॉपला (चाकाची वर जायची चाल जिथे थांबते त्या रबरी ठोकळ्याला) टेकलेलं असताना आणि त्याच वेळी स्टीअरिंग पूर्ण वळलेलं असताना. खाली जे काही लिहिलंय त्यातलं निम्मं या एका गोष्टीतून निघालेलं आहे.

आधी, मोठा टायर हवाच कशाला? आडव्या अखंड एक्सलच्या (दोन चाकांना जोडणाऱ्या एकाच कडक दांड्याच्या) गाडीत जमिनीला सगळ्यात जवळचा भाग म्हणजे डिफरन्शियलचा, म्हणजे दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरचा गोळा. लिफ्ट किट (गाडी उंच करणारा स्प्रिंगचा संच) घालून चॅसी (खालचा सांगाडा) आणि बॉडी कितीही वर न्या, तो गोळा तसूभर हलत नाही, कारण तो एक्सलवर आहे आणि एक्सल चाकाच्या मध्यावर. त्याला वर उचलणारी गोष्ट एकच, टायरचा व्यास. त्यातही व्यासातली निम्मीच वाढ जमिनीपासूनच्या उंचीत मिळते. दुसरा फायदा कमी बोलला जातो पण तितकाच खरा आहे: मोठं चाक दगडाच्या काठावर किंवा खड्ड्याच्या कडेवर जास्त सहज चढतं, आणि हवा कमी केली की जमिनीवर टेकणारा पट्टा लांबलचक होतो. वाळूत आणि चिखलात गाडी तरते ती याच लांब पट्ट्यावर. नुसती दिसायला भारदस्त म्हणून टायर वाढवणार असाल तर त्यालाही हरकत नाही, पण मग पुढचा हिशेब वाचून ठरवा.

आकड्यांचा हिशेब

टायरवर २४५/७० आर १६ असं लिहिलेलं असतं. २४५ ही मिलिमीटरमध्ये रुंदी, ७० म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ७० टक्के, आणि १६ हा रिमचा व्यास इंचात. एकूण व्यास काढायचा तर रिमचे मिलिमीटर करून त्यात दोन भिंती मिळवायच्या: १६ × २५.४ = ४०६.४, दोन भिंती ३४३, एकूण ७४९.४ मिमी. आता याच रिमवर २६५/७५ आर १६ घेऊ. ४०६.४ अधिक ३९७.५, म्हणजे ८०३.९ मिमी. फरक ५४.५ मिमी, ७.३ टक्के. डिफच्या गोळ्याखाली मिळाले २७ मिमी. एवढ्या खटाटोपातून हाती येतात ते हे २७ मिमी. पण गाडी अडकते तेव्हा बऱ्याचदा एवढ्याशासाठीच अडकलेली असते.

मूळ व्यासाच्या ३ टक्क्यांपर्यंत वाढ बहुतेक गाड्या मुकाट्याने सहन करतात. ३ ते ५ टक्क्यांत कुठेतरी लायनर (कमानीच्या आतलं प्लॅस्टिकचं अस्तर) किंवा मडफ्लॅप घासायला लागतो. ५ च्या पुढे काहीतरी कापायची, उचलायची किंवा अडवायची तयारी ठेवावी, आणि ८ च्या आसपास गिअरच्या गुणोत्तराचा विचार टाळता येत नाही. हे ढोबळ ठोकताळे आहेत, तुमच्या गाडीची चाकाची कमान किती मोठी आहे त्यावर सगळं अवलंबून.

सुझुकी जिम्नीचं उदाहरण बोलकं आहे. मूळ टायर १९५/८० आर १५, व्यास ६९३ मिमी. २१५/७५ आर १५ घातला तर ७०३.५, म्हणजे जेमतेम दीड टक्का वाढ, आणि मूळ साडेपाच इंची रिमवर तो नियमाने बसतो. २३५/७५ आर १५ चा व्यास ७३३.५, वाढ ५.८ टक्के, सगळ्यांना तोच हवा असतो. पण त्या टायरला रिम किमान ६ इंच रुंद लागते, मूळ रिम साडेपाचची. साडेपाचवर तो चढवता येतो, हवाही भरता येते, आणि मग त्याच्या कडा आत ओढल्या जाऊन मधला भाग फुगतो, मध्यावरच झिजतो, आणि हवा कमी केली की बीड (टायरची रिमला धरून बसणारी कड) रिमवरून सुटण्याची भीती वाढते.

प्रत्येक टायरला चालणाऱ्या रिमच्या रुंदीची एक कक्षा असते आणि ती उत्पादकाच्या तक्त्यात छापलेली असते. वरच्या उदाहरणातल्या २६५/७५ आर १६ ला ७ ते ८ इंच चालतात. त्याच तक्त्यात टायरचा प्रत्यक्ष मोजलेला व्यास आणि रुंदीही दिलेली असते. दुकानात जायच्या आधी ती पाहा. एकाच मापाचे दोन कंपन्यांचे टायर शेजारी उभे केले तर व्यासात सहज १० मिमीचा फरक निघू शकतो, आणि मड टेरेन (चिखलासाठीच्या) जातीत खांद्यावरचे ठोकळे बाहेर आलेले असतात ते वेगळेच. मोजलेली रुंदी ठरावीक रिमवरची असते. रिम अर्ध्या इंचाने रुंद घेतली की टायर साधारण ५ मिमीने रुंद होतो.

रिम, ऑफसेट आणि स्पेसर

रिम तीच ठेवून टायर २० मिमी रुंद घेतला तर १० मिमी आत आणि १० बाहेर जातात. आतले १० जास्त त्रासाचे. पूर्ण वळलेल्या चाकाची आतली कड रेडियस आर्म (एक्सलला पुढे-मागे धरून ठेवणारा दांडा), स्वे बार (गाडीचं कलणं कमी करणारा दांडा) किंवा चॅसीपर्यंत पोचते. मूळ टायरला तिथे १२-१५ मिमीच फट असेल तर उरतं ते बुशच्या हलण्यातच संपून जातं.

म्हणून लोक कमी ऑफसेटची रिम घेतात. ऑफसेट म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणारा भाग किती बाहेरच्या अंगाला आहे ते. ३० चा ऑफसेट १० केला की चाक २० मिमी बाहेर येतं. वरच्या टायरसह हिशेब केला तर आत मूळच्यापेक्षा १० मिमी जास्त जागा झाली आणि बाहेर ३० मिमी वाढ झाली. आता बाहेरची कड वळताना मोठा वळसा घेते. पुढे बंपरच्या कोपऱ्याला आणि मागे कमानीच्या खालच्या कोपऱ्याला ती जास्त जोरात भेटते. म्हणजे घासणं गेलं नाही, त्याने जागा बदलली. शिवाय बेअरिंगवरचा ताण वाढतो, खडकावर स्टीअरिंग हाताला झटके देतं, आणि चाक बॉडीबाहेर आलं की चिखल थेट खिडकीपर्यंत उडतो. घासणं सुटायला जेवढं लागतं त्यापेक्षा १० मिमीसुद्धा जास्त बाहेर नेऊ नका. ऑफसेट दिसण्यासाठी निवडणाऱ्यांची बेअरिंगं लवकर वाजायला लागतात.

नव्या रिमचं पीसीडी (नटांच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास) जुळतं म्हणून काम संपत नाही. मधलं भोक हबवर नेमकं बसलं पाहिजे. सैल असेल तर मध्ये रिंग घाला, नाहीतर चाक नटांच्या भरवशावर मध्यात राहतं आणि कितीही बॅलन्सिंग केलं तरी थरथर जात नाही. नटाची बैठकही पाहा: मूळ रिमचा सपाट किंवा गोल बैठकीचा नट निमुळत्या बैठकीच्या रिमवर लावला तर तो घट्ट झाल्यासारखा वाटतो आणि काही दिवसांत सुटतो. नटाने बोल्टवर किमान बोल्टच्या जाडीइतकी पकड घ्यायला हवी. एम १२ × १.५ आट्यांचा (१२ मिमी जाड, दोन आट्यांत १.५ मिमी अंतर) बोल्ट असेल तर किमान ८ पूर्ण फेरे, १.२५ आट्यांचा असेल तर १०. यापेक्षा कमी फेऱ्यांत नट थांबत असेल तर ती रिम किंवा तो स्पेसर (हब आणि रिमच्या मध्ये घालायची चकती) त्या गाडीसाठी नाही. बोल्टवर नुसता सरकवायचा स्पेसर मी तरी ऑफरोड गाडीला सुचवणार नाही. लावायचाच असेल तर हबवर नेमका बसणारा आणि स्वतःचे बोल्ट असलेला.

कुठे घासतं, कसं शोधायचं

नेहमीच्या जागा ठरलेल्या आहेत. पुढच्या चाकासाठी: बंपरचा मागचा खालचा कोपरा, कमानीच्या मागच्या बाजूला फूटबोर्डाच्या वरची पत्र्याची जोडशिवण, तिथेच आत असलेला बॉडी माउंट, प्लॅस्टिक लायनर, मडफ्लॅप, आणि आतल्या अंगाला रेडियस आर्म किंवा स्वे बार. मागच्या चाकाचा त्रास कमी, कारण ते वळत नाही. पण एक्सल तिरका झाला की वरची कड कमानीच्या काठात शिरते आणि आतली कड शॉकअप किंवा पाट्याला (लीफ स्प्रिंगला) लागते.

टायर विकत घ्यायच्या आधी शक्य असेल तर त्याच मापाचं एक बसवलेलं चाक कुणाकडून तरी अर्ध्या तासासाठी आणा. एकच पुरतं. ते पुढे लावायचं आणि पुढची तपासणी करायची.

सपाट, कठीण जमीन. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओंडके. चॅसीखाली जॅकस्टँड लावून पुढचा भाग उचला. कॉइल स्प्रिंगची गाडी असेल तर शॉकअपचं खालचं टोक सोडून स्प्रिंग काढा, आणि एक्सलखाली दुसरा जॅक लावून तो बंपस्टॉपला टेकेपर्यंत वर न्या. ब्रेकची नळी आणि एबीएसची तार ताणत नाही ना, हे एक्सल खाली असतानाच पाहून घ्या. आता स्टीअरिंग सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. नुसत्या दोन टोकांना बघू नका. कमानीच्या मागच्या कोपऱ्याला टायर बऱ्याचदा पाऊण वळणावर सगळ्यात जवळ येतो आणि पूर्ण वळल्यावर पुन्हा दूर जातो. जिथे संशय येईल तिथे मुलांच्या खेळण्यातल्या क्लेचे गोळे चिकटवा. टायर फिरून गेला की गोळ्याची उरलेली जाडी म्हणजे तुमची खरी फट. डोळ्यांच्या अंदाजापेक्षा हे शंभर पटीने भरवशाचं.

हे सगळं एक चाक वर आणि दुसरं खाली अशा तिरक्या स्थितीतही करायचं, कारण एक्सल तिरका झाला की वर गेलेल्या चाकाचा माथा आत झुकतो. पाट्यांच्या गाडीत स्प्रिंग काढण्याची भानगड नको. पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक उंचवट्यावर येईल अशी गाडी लो रेंजमध्ये (फोरबायफोरच्या मंद पण जास्त ताकदीच्या गिअरमध्ये) हळू चढवा आणि बाहेर एक माणूस बघायला ठेवा. तो बघणारा चाकापासून हातभर लांबच असावा.

उभ्या गाडीत ५ मिमी फट दिसली तर ती शून्य समजा. ब्रेक लागताना पुढचा एक्सल मागे ढकलला जातो, रिव्हर्समध्ये पुढे ओढला जातो, बुश जुने असतील तर आणखी. टायरला चिखल चिकटला की त्याचीही जाडी मिळवा. पत्रा आणि प्लॅस्टिकपासून १५ मिमी, ब्रेकच्या नळीपासून आणि तारांपासून किमान २५. लायनरला कधीमधी हलकं घासणं चालतं. ब्रेकची नळी एकदा घासली तरी चालत नाही.

लिफ्ट किटचा गैरसमज

"टायर घासतोय, दोन इंच लिफ्ट टाका." हा सल्ला इतका सार्वत्रिक आहे की त्यात काय चुकतंय ते कुणी विचारत नाही. उंच स्प्रिंग घातली की गाडी उभी असताना उंच दिसते. पण चाक पूर्ण वर गेल्यावर कुठे थांबतं? जिथे आधी थांबत होतं तिथेच, बंपस्टॉपवर. स्प्रिंगने बंपस्टॉपची जागा बदललेली नाही. म्हणजे ज्या क्षणी घासतं त्या क्षणी लिफ्ट नसल्यासारखीच आहे. फरक एवढाच की तो क्षण थोडा कमी वेळा येतो.

बरोबर क्रम उलटा आहे. टायरची त्रिज्या २७ मिमीने वाढली, म्हणून आधी बंपस्टॉप २७ मिमीने खाली आणा. चाकाचा माथा पूर्वीइतक्याच अंतरावर थांबेल. स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये (जिथे प्रत्येक चाक आपापलं हलतं) बंपस्टॉप आर्मवर आतल्या अंगाला असतो, त्यामुळे तो आर्मच्या मध्यावर असेल तर चाकाच्या २७ मिमीसाठी तिथे सुमारे १४ मिमीचा ठोकळा लागतो. याची किंमत म्हणजे चाकाची वर जाण्याची चाल तेवढीच कमी झाली; ९० होती ती ६३ झाली आणि गाडी लवकर आपटायला लागली. आता ती गेलेली चाल परत मिळवायला ३० ते ४० मिमीची लिफ्ट घाला. लिफ्टचं काम घासणं थांबवणं नाही, बंपस्टॉपने खाल्लेली चाल परत देणं आहे. एवढं कळलं की दोन इंचांच्या जागी सव्वा-दीड इंचात भागतं, आणि त्याबरोबर येणारी दुखणीही कमी होतात.

दुखणी कोणती? अखंड एक्सलच्या गाडीत लिफ्टने कॅस्टरचा कोन (चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचा मागे झुकाव) कमी होतो. स्टीअरिंग हलकं, भटकं होतं आणि वळणातून आपोआप सरळ येत नाही. पॅनहार्ड रॉडमुळे (एक्सलला आडवं धरून ठेवणाऱ्या दांड्यामुळे) एक्सल एका बाजूला सरकतो. प्रॉपेलर शाफ्टचे कोन वाढून ठराविक वेगाला थरथर येते. स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये सीव्ही जॉइंटचे (चाक फिरवणाऱ्या शाफ्टच्या सांध्यांचे) कोन आणि कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर झुकाव) बिघडतो. ४० मिमीपर्यंत कॅस्टरचे ऑफसेट बुश आणि नीट अलाइनमेंट एवढ्यात बहुधा निभावतं. त्यापुढे समायोज्य पॅनहार्ड रॉड आणि लांब ब्रेक नळ्या लागतात, मग एकातून दुसरं निघतच राहतं.

बॉडी लिफ्ट हा वेगळा प्रकार. चॅसी आणि बॉडी यांच्यामध्ये २५ मिमीचे ठोकळे घालून नुसती बॉडी उचलायची. बॉडीशी घासणाऱ्या टायरला इथे खरोखर जागा मिळते आणि सस्पेन्शनच्या भूमितीला हात लागत नाही. मात्र स्टीअरिंगचा शाफ्ट, गिअरच्या दांड्याची फट, रेडिएटरच्या पंख्याची शीट, होजपाइप, अर्थिंगची पट्टी हे सगळं तपासावं लागतं. २५ च्या वर गेलात तर बंपर आणि बॉडीमधली फट डोळ्यांत खुपते आणि माउंटचे बोल्ट जास्त लांब होऊन वाकायला लागतात. चॅसी नसलेल्या, एकसंध बॉडीच्या गाडीत हा मार्गच नाही.

कापाकापी

२० मिमी कमी पडत असतील तर लिफ्टच्या आधी करवत आणि हीट गन हातात घ्या. लायनर मऊ होईपर्यंत तापवून आतल्या अंगाला दाबून धरा, गार होईपर्यंत सोडू नका. १० मिमी सहज मिळतात. मडफ्लॅप काढा किंवा मागे सरकवा. बंपरचा कोपरा प्लॅस्टिकचा असेल तर आधी चिकटपट्टी लावून रेघ मारा, बारीक दातांच्या पात्याने कापा, कडा पॉलिश पेपरने गोल करा. थोडं थोडं कापा. कापलेलं परत जोडता येत नाही.

कमानीमागची पत्र्याची शिवण हातोडीने चपटी करता येते. तीन-चार फेऱ्यांत, प्रत्येक वेळी थोडीशी. ठोकताना जोडाच्या आतला सीलंट तडकतो आणि रंग उडतो, हे गृहीतच धरा. लगेच उघडा पत्रा घासून गंजरोधक प्रायमर, मग सीम सीलर, मग रंग, वर अंडरबॉडी कोट. हे नंतर करू म्हणून ठेवलं की पहिल्या चिखलातच गंज आत शिरतो आणि तो दिसतो तेव्हा पत्रा खाऊन झालेला असतो. बॉडी माउंट कापणं मात्र वेल्डिंगचं काम आहे. कापल्यावर उघडी पडलेली पेटी जाड पत्र्याने बंद केलीच पाहिजे, आणि ते काम ज्याने आधी केलेलं आहे त्याच्याकडूनच करून घ्या.

आतल्या बाजूला आर्मला घासत असेल आणि फक्त पूर्ण वळणावरच, तर नकल्सवरचा स्टीअरिंग स्टॉपचा बोल्ट दोन-तीन मिमी बाहेर काढा. दोन्ही बाजूंना सारखाच. गाडीला वळायला थोडी जास्त जागा लागेल, बाकी काही नाही. हा उपाय फुकट आहे आणि तरी लोक स्पेसर विकत आणतात.

इंजिनाला आणि ब्रेकला काय वाटतं

व्यास ७.३ टक्क्यांनी वाढला म्हणजे प्रत्येक गिअर तेवढा लांब झाला. ४.१० चा फायनल ड्राइव्ह (डिफमधलं गिअर गुणोत्तर) आता ३.८२ असल्यासारखा वागतो. टॉप गिअरमध्ये ज्या वेगाला इंजिन २००० फेरे घेत होतं तिथे १८६४ घेईल. महामार्गावर हे बरं वाटतं, चढावर मात्र एक गिअर खाली यावं लागतं, आणि क्लच रिकाम्या गाडीतही जास्त घासतो. लो रेंजमध्ये ४० चं एकूण गुणोत्तर ३७ वर आलं. चढताना त्याचं फारसं वाटत नाही, पण उतारावर इंजिन गाडीला तेवढंच कमी धरून ठेवतं.

नेमका त्याच वेळी ब्रेकचाही जोर कमी झालेला असतो. पेडलवर तोच दाब, डिस्कवर तीच पकड, पण जमिनीपर्यंतचा दांडा लांब झाल्याने रस्त्यावर पोचणारं बळ सुमारे ६.८ टक्के कमी. त्यात वजन. साधा हायवे टायर १४ ते १६ किलोचा असतो. २६५/७५ आर १६ चा एलटी (हलक्या ट्रकसाठीच्या) बनावटीचा ऑल टेरेन (सगळ्या प्रकारच्या जमिनीसाठीचा) २२ ते २४ किलोचा. हे वजन स्प्रिंगच्या खालचं आणि फिरणारं, शिवाय बहुतेक परिघाकडे. दर चाकाला ८ किलो म्हणजे डिकीत ३२ किलो टाकण्यासारखं नव्हे, त्याहून बरंच जड. शॉकअप मूळचे आणि थकलेले असतील तर खडबडीत रस्त्यावर चाक उड्या मारायला लागतं. पॅड जरा चांगल्या दर्जाचे आणि ब्रेक ऑइल ताजं, एवढं तरी टायरच्याच खर्चात धरा.

मूळ चपळाई हवी असेल तर ४.१० ला १.०७३ ने गुणायचं, ४.४० येतात. गिअर सेट ठराविक गुणोत्तरांतच मिळतात, त्यातला जवळचा घ्यायचा. फोरबायफोर गाडीत पुढचा आणि मागचा दोन्ही डिफ एकाच गुणोत्तराचे हवेत. एक बदलून दुसरा ठेवला तर फोरव्हील लावताच दोन एक्सल एकमेकांशी झगडतील आणि ट्रान्सफर केस (दोन्ही एक्सलना ताकद देणारी गिअरची पेटी) मोडेल.

स्पीडोमीटर अचूक असेल तर काटा १०० वर असताना गाडी १०७ ने पळत असते. प्रत्यक्षात कारखान्यातून आलेला काटा थोडा जास्तच दाखवतो, कारण संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या नियमानुसार त्याला खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवायची परवानगी नाही, जास्त दाखवायची आहे: खऱ्या वेगाच्या १० टक्के अधिक ताशी ४ किलोमीटरपर्यंत. त्यामुळे काही गाड्यांत मोठ्या टायरनंतर काटा उलट बरोबर यायला लागतो. जीपीएसवर ताशी ४०, ६० आणि ८० ला ताडून पाहा. काटा खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवत असेल तर ईसीयूमध्ये (गाडीच्या संगणकात) टायरचा परीघ बदलून घ्या. ऑटोमॅटिक गाडीत गिअर बदलण्याच्या वेळाही त्याने सुधारतात. मायलेज पडलं म्हणून ओरडण्याआधी एक करा: ओडोमीटर आता १०० किलोमीटर दाखवतो तेव्हा गाडी १०७ चाललेली असते. तेवढं गुणून जे उरेल ती खरी घट.

भार आणि हवा

नव्या टायरचा लोड इंडेक्स मूळच्यापेक्षा कमी नको. १०७ म्हणजे ९७५ किलो, १११ म्हणजे १०९०, ११६ म्हणजे १२५०, प्रत्येकी एका टायरला. वेगाचं अक्षरही बघा: क्यू ताशी १६०, आर १७०, एस १८०, टी १९०. मड टेरेन टायर बहुधा क्यू असतात. गाडीच्या कागदांत आणि विम्यात मूळ माप नोंदलेलं असेल तर बदलाची परवानगी कुठपर्यंत आहे ते आधी विचारून घ्या. ही मर्यादा जागोजागी वेगळी आहे.

दाराच्या खांबावरचा हवेचा आकडा मूळ टायरचा आहे, नव्याचा नाही. एलटी टायरला तेवढंच वजन पेलायला साध्या टायरपेक्षा जास्त दाब लागतो, आणि तो त्याच्या भार-दाब तक्त्यात मिळतो. तक्त्यातला दाब हा तळ समजून वर बारीक जुळवणी खडूने करा: टायरच्या रुंदीभर जाड रेघ ओढा, डांबरी रस्त्यावर सरळ शंभर मीटर जा. मध्येच पुसली तर हवा जास्त, कडांना पुसली तर कमी. चारही चाकांचं हे स्वतंत्र करा, पुढचा आणि मागचा भार सारखा नसतो. वाळूत १५ ते १८ पीएसआय, खडकात १८ ते २०. १२ च्या खाली साध्या रिमवर बीड सुटतो. परत रस्त्यावर येताच हवा भरा. कमी हवेत वेगाने पळवलेल्या टायरची भिंत आतून तापून फाटते, बाहेरून काही दिसत नाही.

बसवताना

टायरवर बनवल्याचा आठवडा आणि वर्ष चार आकड्यांत असतं. ३२२४ म्हणजे २०२४ चा ३२ वा आठवडा. स्टेपनी धरून पाचही टायर जवळपासच्या आठवड्यांतले घ्या. व्हॉल्व्ह नवे. टायरवरचा पिवळा ठिपका हलकी बाजू दाखवतो, तो व्हॉल्व्हजवळ आणा. बीड बसवताना साबणाचं पाणी लावा आणि ४० पीएसआयच्या वर जाऊ नका. तेवढ्यात बसत नसेल तर हवा सोडून पुन्हा साबण. बॅलन्सिंगला एका चाकाला शंभर-सव्वाशे ग्रॅमपेक्षा जास्त शिसं लागत असेल तर टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून परत बघायला सांगा. टायरवाला कंटाळा करेल, तरी सांगा.

हबचा चेहरा वायर ब्रशने गंज निघेपर्यंत घासा. बोल्टवर तेल नको. तेल लावून तेवढाच टॉर्क दिला तर बोल्ट प्रत्यक्षात जास्त ताणला जातो. नट चांदणीच्या क्रमाने, दोन टप्प्यांत, शेवटी टॉर्क पान्याने गाडीच्या पुस्तकातल्या आकड्यावर. एअर गनने नको तितका घट्ट केलेला नट जंगलात घरच्या पान्याने सुटत नाही. ५० ते १०० किलोमीटरनंतर परत एकदा टॉर्क. मग अलाइनमेंट, आणि लिफ्ट केली असेल तर हेडलाइटही खाली आणा.

स्टेपनी

चार घेऊन पाचवा जुनाच ठेवणं ही सगळ्यात महाग बचत आहे. ७ टक्के लहान स्टेपनी लावून फोरव्हील लॉक केलं तर ट्रान्सफर केसला तोच झगडा सहन करावा लागतो, आणि ज्या एक्सलवर ती लावली त्याचा डिफ सरळ रस्त्यावरही सतत फिरत राहून तापतो. पाचही एकाच मापाचे घ्या आणि दर ८ ते १० हजार किलोमीटरला पाचही फिरवा, म्हणजे झिजही सारखी राहते.

पाचवा बसतो कुठे ते मात्र आधी मोजा. गाडीखाली टांगायची जागा असेल तर सायलेन्सर आणि मागच्या डिफशी फट पाहा, एक्सल पूर्ण वर गेल्यावरची. मागच्या दारावर असेल तर ८ किलोचं जादा वजन बिजागऱ्यांवर येतं. दार उघडून टोकाला धरून वर-खाली हलवा, खेळ जाणवला तर बिजागरीमागे जाड पट्टी लावून आधार द्या. रुंद टायर मागे आणखी सरकतो, त्यामुळे ब्रॅकेटमध्ये ठोकळा घालावा लागेल, आणि मग नंबरप्लेट, वरचा ब्रेक लाइट आणि रिव्हर्स कॅमेरा झाकला जात नाही ना तेही बघा. दारावरचे रबरी ठोकळे टायरला घट्ट टेकले पाहिजेत. टेकत नसतील तर त्यांचे स्क्रू बाहेर काढून टेकवा. सैल राहिली तर कच्च्या रस्त्यावर स्टेपनी डुलत राहते आणि ब्रॅकेटच्या बोल्टभोवतीचा दाराचा पत्रा तडकतो.